जुन्या कळपात नव्या कोंबड्या सामावून घेताना

परसातल्या कोंबड्या काही महिने एकत्र राहिल्या की खाद्याच्या भांड्यापाशी आधी कोणी जायचे, रात्री दांडीवर कोणी कुठे बसायचे आणि वाटेत कोणी कोणाला बाजू द्यायची, हे त्यांच्यात ठरून जाते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांमधील या उतरंडीचे शास्त्रीय वर्णन केले. कोंबड्या पाळणाऱ्याने त्यातून लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, उतरंड एकदा ठरली म्हणजे भांडणे जवळजवळ थांबतात. वरच्या कोंबडीने नुसती मान उंचावली तरी खालची निमूट बाजूला होते. नवी कोंबडी आली की मात्र हे सारे पुन्हा ठरवावे लागते, आणि त्या गडबडीत कधीकधी जुन्या कोंबड्यांमधली जुनी मांडणीही ढवळून निघते.

म्हणून चोचीचे चार फटके बसणारच नाहीत, अशी अपेक्षा नवख्या पालकाने ठेवू नये. हरलेल्या कोंबडीला पळून जायला पुरेशी जागा आणि दोन्ही गटांना एकमेकांची सवय व्हायला पुरेसा वेळ, एवढे दिले की बाकीचे त्या स्वतः उरकतात. ज्या घरी कोंबड्या जखमी होतात किंवा मरतात, तिथे बहुधा या दोहोंपैकी एकाची काटकसर झालेली असते. नव्या कोंबड्या घरी आल्यापासून त्या जुन्यांसोबत एका दांडीवर झोपेपर्यंत सहा ते आठ आठवडे जातील, असे धरूनच कामाला लागावे.

कोंबड्या आणण्यापूर्वी

एकटी कोंबडी कधीही आणू नये. कळप कितीही शांत असला तरी त्याचा सारा रोष एकट्या पक्ष्यावर एकवटतो, आणि तिला सोबतीला कोणी नसल्याने ती कोपऱ्यात बसून खाणे सोडते. निदान दोन, शक्यतो तीन कोंबड्या एकत्र आणाव्यात आणि त्या आधीपासून एकमेकींच्या ओळखीच्या असाव्यात. जुन्या कळपात सहा कोंबड्या असताना तीन नव्या आल्या, तर टोचणी वाटली जाते आणि भीतीच्या वेळी नव्या कोंबड्या एकमेकींचा आधार घेतात.

आकाराला वयापेक्षाही जास्त महत्त्व आहे. बारा आठवड्यांच्या आतली पिल्ले मोठ्या कोंबड्यांमध्ये सोडणे धोक्याचे असते, कारण एक नेमका बसलेला फटकाही त्यांना जायबंदी करू शकतो. सोळा आठवड्यांच्या आसपास तलंगा, म्हणजे अजून अंडी घालू न लागलेल्या तरुण कोंबड्या, जवळपास पूर्ण उंचीच्या होतात आणि तोपर्यंत थांबणे केव्हाही हिताचे. बँटमसारख्या ठेंगण्या जातीच्या कोंबड्या थोराड जातींमध्ये मिसळताना जास्त दिवस द्यावे लागतात. सिल्की किंवा पोलिश यांसारख्या डोक्यावर पिसांचा झुपका असलेल्या जातींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण झुपक्यामुळे त्यांना बाजूने येणारी कोंबडी नीट दिसत नाही आणि तोच झुपका इतरांच्या चोचीला सतत खुणावत राहतो.

वेळही पाहून ठरवावी. जुन्या कळपात कोणी आजारी असेल, बऱ्याच कोंबड्यांची पिसे झडत असतील किंवा कडक उन्हाळा चालू असेल, तर नव्या कोंबड्या आणणे पुढे ढकलावे. या प्रत्येक स्थितीत पक्ष्याच्या शरीरावर आधीच ताण असतो.

खुराड्याच्या आत दर कोंबडीमागे निदान चार चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद आवारात निदान दहा चौरस फूट जागा असावी, दांडीवर प्रत्येकीला २० ते २५ सेंटीमीटर लांबी मिळावी आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याची एक पेटी असावी. कोंबड्या वाढल्यानंतरची संख्या धरून हा हिशेब करावा. तो जमत नसेल तर आधी आवार वाढवावे आणि मग कोंबड्या आणाव्यात. गर्दीतून सुरू झालेली टोचाटोची पुढे कोणत्याही युक्तीने सुटत नाही.

पहिले तीस दिवस: विलगीकरण

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. मला मात्र ती अटळ वाटते. भांडणातली जखम भरून येते, पण एकदा कळपात शिरलेला काही प्रकारचा संसर्ग त्या कळपाला आयुष्यभर सोडत नाही. मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा श्वसनाचा दीर्घकालीन आजार, संसर्गजन्य कोरायझा आणि लॅरिंगोट्रॅकायटिस या तिन्ही रोगांतून बरी झालेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते, पण तिच्या शरीरात जंतू टिकून राहू शकतात आणि प्रवासाचा किंवा नव्या जागेचा ताण आला की ती ते पुन्हा बाहेर टाकू लागते. म्हणजे विक्रेता प्रामाणिक असला आणि कोंबडी तजेलदार दिसत असली, तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही.

नव्या कोंबड्यांना जुन्या खुराड्यापासून शक्य तितक्या दूर, वाऱ्याची दिशा बघून, वेगळ्या जागी चार आठवडे ठेवावे. त्यांची खाद्याची आणि पाण्याची भांडी, झाडू, फावडे सारे स्वतंत्र असावे. रोजच्या कामाचा क्रम कधी बदलू नये: आधी जुन्या कळपाचे खाणे-पाणी आणि सफाई उरकावी, नव्यांकडे शेवटी जावे आणि तिथून परतताना हात साबणाने धुऊन पादत्राणे बदलावीत. नव्या कोंबड्यांसाठी चपलांचा एक वेगळा जोड त्यांच्या दाराशीच ठेवला, तर हा नियम पाळणे सोपे जाते.

या काळात प्रत्येक कोंबडी हातात घेऊन तपासण्याची सवय लावून घ्यावी. डोळे स्वच्छ व उघडे आहेत का, नाकपुड्यांतून चिकट स्राव येतो का, चेहरा सुजला आहे का आणि रात्रीच्या शांततेत श्वासाची घरघर ऐकू येते का, हे पाहावे. गुदद्वाराभोवतीची पिसे बाजूला करून त्वचा बघावी. पिसांच्या बुडाशी पांढरट गुठळ्या दिसल्या तर ती उवांची अंडी असतात. पायांवरचे खवले उचललेले आणि खरबरीत दिसत असतील, तर पायाच्या माइटचा (माइट म्हणजे कोंबडीवर जगणारा अगदी बारीक परजीवी) उपद्रव समजावा. लाल माइट मात्र दिवसा अंगावर सहसा सापडत नाही. तो दांडीच्या आणि लाकडाच्या फटींत लपतो व रात्री रक्त शोषतो, म्हणून अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन दांडीची खालची बाजू तपासावी. विष्ठेत रक्त दिसणे, सतत पातळ जुलाब होणे किंवा कोंबडी पिसे फुगवून मान आत ओढून बसणे, यांपैकी काहीही आढळले की पशुवैद्यकाला दाखवावे आणि तीस दिवसांची मोजणी बरे झाल्यानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी. जंतनाशक किंवा माइटचे औषध दिले असेल, तर त्या कोंबड्यांची अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

लसीकरणाची माहितीही कोंबड्या घेतानाच लिहून घ्यावी. मरेक रोगाची लस पिल्लांना साधारणतः जन्मल्यावर पहिल्याच दिवशी देतात. ती लस गाठी आणि पांगळेपणा यांपासून संरक्षण देते, पण विषाणूचा प्रसार पूर्णपणे थांबवत नाही. त्यामुळे एका गटाला लस दिलेली आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर मिसळण्यापूर्वी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. राणीखेत, म्हणजे मानमोडी, आणि देवी यांच्या लसी राहिल्या असतील, तर त्या विलगीकरणातच पूर्ण करून घेणे सोयीचे असते. परिसरात बर्ड फ्लूची साथ चालू असताना मात्र नवे पक्षी आणूच नयेत.

जाळीच्या दोन बाजू

विलगीकरण निर्विघ्न पार पडले की दोन्ही गट एकमेकांना दिसतील, आवाज ऐकू येईल, पण चोच लागणार नाही, अशी व्यवस्था करावी. जुन्या आवाराचाच एक भाग जाळीने वेगळा काढणे सर्वांत उत्तम, कारण पुढे फक्त मधली जाळी काढायची उरते. ते शक्य नसेल तर मोठा पिंजरा आवारात ठेवावा. जाळीची छिद्रे अर्ध्या इंचाच्या आसपास असावीत; मोठ्या छिद्रांतून कोंबडी डोके घालते आणि नेमका तिथेच पलीकडून फटका बसतो. या तात्पुरत्या भागाला सावली आणि वरून छप्पर असावे आणि रात्री मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा कोल्हा आत शिरणार नाही इतका तो भक्कम असावा.

पहिले दोन-तीन दिवस जुन्या कोंबड्या जाळीपाशी येरझारा घालतील, मानेची पिसे फुलवतील आणि जाळीवर चोची मारतील. हे होऊ द्यावे. खाद्याची भांडी सुरुवातीला जाळीपासून दूर ठेवून रोज थोडी जवळ आणावीत, म्हणजे आठवड्याअखेर दोन्ही गट जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ समोरासमोर खाऊ लागतात. शेजारी बसून खाल्लेला प्रत्येक घास पुढचे एक भांडण कमी करतो, असा माझा विश्वास आहे. एकाआड एक दिवस काही तास दोन्ही गटांच्या जागांची अदलाबदल करणेही फार उपयोगी ठरते: नव्या कोंबड्यांना पाणी कुठे आहे, दार कुठे आहे आणि कोणत्या कोपऱ्यातून बाहेर पडता येत नाही, हे कोणी मागे लागलेले नसताना शिकता येते.

ही पायरी एक ते दोन आठवड्यांची आहे. दिवस मोजण्यापेक्षा वागणूक पाहावी. जुन्या कोंबड्या जाळीकडे पाठ करून माती उकरू लागल्या आणि नव्या कोंबड्या जाळीलगत निवांत धुळीत लोळू लागल्या, की पुढे जायला हरकत नाही. दोन आठवड्यांनंतरही एखादी कोंबडी दिवसभर जाळीवर तुटून पडत असेल, तर ती पुढे त्रास देणार हे ओळखून ठेवावे.

पहिली प्रत्यक्ष भेट

भेटीची जागा शक्यतो मोकळी असावी. खुराड्याच्या बंद आवारापेक्षा अंगणात किंवा बागेत जुन्या कोंबड्यांचे लक्ष किडे आणि गवत यांत विभागले जाते आणि नव्यांना पळायला मैदान मिळते. सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी सोडावे, पूर्ण वेळ तिथेच थांबावे आणि अंधार पडण्यापूर्वी नव्या कोंबड्यांना त्यांच्या जागी परत न्यावे. असे चार-पाच दिवस करत भेटीचा काळ वाढवत न्यावा.

मोकळे अंगण नसेल तर आवाराच्या रचनेतच पळवाटा तयार कराव्या लागतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त मेहनत इथेच घ्यावी. भिंतीला तिरपी टेकवलेली फळी, जिच्या दोन्ही बाजू उघड्या आहेत, हा साधा पण खात्रीचा आडोसा आहे. पाठलाग करणाऱ्या कोंबडीला समोरची दिसेनाशी झाली की ती बहुतेक वेळा पाठलाग सोडून देते. एकच तोंड असलेले खोके मात्र सापळा ठरते, कारण आत शिरलेल्या कोंबडीला बाहेर पडता येत नाही. अरुंद कोपरे विटा किंवा फळ्या लावून बुजवावेत, वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन काठ्या आडव्या बांधाव्यात आणि शक्य असल्यास झाडाच्या फांद्यांचा ढीग ठेवावा. खाद्य आणि पाणी दोन-तीन ठिकाणी, तेही एका भांड्यापासून दुसरे दिसणार नाही अशा बेताने ठेवावे. एकच भांडे असेल तर वरच्या क्रमांकाची कोंबडी त्याच्यावर पहारा देते आणि नव्या कोंबड्या दिवसभर उपाशी राहतात.

दाणे एका ढिगात टाकू नयेत. सगळीकडे विखरून टाकावेत. कोंबड्यांना उडी मारूनच खाता येईल इतक्या उंचीवर पालेभाजीची जुडी टांगली, तर तास-दोन तास सगळ्यांची चोच तिकडे गुंतलेली राहते.

भेट चालू असताना प्रत्येक टोचणीला धावून जाऊ नये, असे मी कळकळीने सांगेन. अर्धवट सोडवलेले भांडण मिटत नाही. कोंबड्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, आणि आपण मध्ये पडल्याने कोंबड्यांचे नवे स्थान ठरायला उलट उशीर होतो.

रात्रीची जागा

रात्री अंधारात नव्या कोंबड्या गुपचूप दांडीवर नेऊन बसवल्या की सकाळी जुन्यांना फरक कळत नाही, असा समज बराच रूढ आहे. तो बरोबर नाही. कोंबड्या एकमेकींना प्रामुख्याने डोके आणि तुरा यांवरून ओळखतात आणि उजाडताच परकी कोंबडी त्यांच्या ध्यानात येते. अंधारात त्यांना फारसे दिसत नसल्याने त्या रात्री शांत राहतात, इतकेच. जाळीची आणि भेटींची पायरी झाल्यानंतर मात्र रात्री दांडीवर बसवण्याचा खरा उपयोग होतो: नव्या कोंबड्यांना झोपायची जागा कळते आणि संध्याकाळी दाराशी होणारी रेटारेटी टळते.

त्यांना दांडीच्या टोकाला, एकमेकींच्या शेजारी बसवावे. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी खुराड्यापाशी हजर राहून दार लगेच उघडावे, कारण बंद खुराड्यात पहाटेची वीस मिनिटेही जीवघेणी ठरू शकतात. नव्या तलंगा भीतीने अंडी घालण्याच्या पेट्यांत झोपायला जातात. संध्याकाळी पेट्यांची तोंडे फळीने बंद करून सकाळी उघडली तर ही सवय लागत नाही आणि अंडीही स्वच्छ राहतात.

किती टोचणी चालवून घ्यावी

मान उंचावून समोरासमोर उभे राहणे, छातीने धडकणे, डोक्यावर एक-दोन फटके मारणे, थोडे अंतर पाठलाग करून सोडून देणे आणि एखादे पीस उपटणे, हे सारे नित्याचे आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत त्याचा जोर असतो, मग तो ओसरत जातो. हरलेली कोंबडी खाली वाकून किंवा पळून आपली हार मान्य करते आणि जिंकलेली तिला सोडून देते. असे होत असेल तर काळजीचे कारण नाही.

जिंकलेली कोंबडी सोडतच नसेल, खाली दाबून डोक्यावर सतत मारत असेल, दोघी-तिघी मिळून एकीला घेरत असतील किंवा रक्त दिसले, तर त्याच क्षणी हस्तक्षेप करावा. कोंबड्यांना लाल रंगाचे विलक्षण आकर्षण असते. उघडी जखम दिसली की आतापर्यंत शांत असलेल्या कोंबड्याही तिथेच टोचू लागतात आणि काही तासांत प्रकरण जिवावर बेतते. जखमी कोंबडीला बाहेर काढून जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी, पशुवैद्यकाने सुचवलेले जंतुनाशक लावावे आणि जखम सुकून खपली धरेपर्यंत तिला जाळीपलीकडे, पण इतरांच्या नजरेसमोर ठेवावे. पूर्णपणे दृष्टीआड ठेवलेली कोंबडी परतल्यावर पुन्हा परकी ठरते.

त्रास देणारी कोंबडी एकच असेल, तर नव्या कोंबड्यांना हलवण्याऐवजी तिलाच तीन ते पाच दिवस वेगळे ठेवावे आणि या वेळी ती कळपाला दिसणार नाही अशा जागी ठेवावे. तिच्या गैरहजेरीत बाकीच्यांची मांडणी नव्याने जुळते, आणि परतल्यावर तिला आपले स्थान पुन्हा मिळवावे लागत असल्याने तिचा आवेश बहुधा उतरलेला असतो.

नव्या कोंबड्यांना पोटभर खायला मिळते का, हे नुसते पाहून समजत नाही. रात्री त्या दांडीवर बसल्या की मानेच्या बुडाशी, छातीच्या उजव्या बाजूला असलेली अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. दिवसभर खाल्लेल्या कोंबडीची पिशवी भरलेली आणि दाबल्यावर किंचित मऊ लागते. सलग दोन रात्री ती रिकामी लागली किंवा छातीचे मधले हाड धारदार जाणवू लागले, तर त्या कोंबडीला जाळीपलीकडे परत नेऊन खाऊ-पिऊ घालावे आणि काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करावा. पहिले दोन आठवडे ही तपासणी रोज करावी.

वयात अंतर असेल तेव्हा

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साधारण ३.५ ते ४ टक्के असते, तर वाढत्या तलंगांना एक टक्क्याच्या आसपासच पुरते. तलंगांना ते जास्तीचे कॅल्शियम दीर्घकाळ मिळाले तर त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. दोन्ही गटांना वेगवेगळे खाऊ घालणे एकत्र आल्यावर शक्य नसते, म्हणून सर्वांनाच ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचे, खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंडी घालणाऱ्या कोंबड्या गरजेनुसार तो खातात आणि तलंगा सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

तलंगांबाबत रक्ती हगवणीचेही भान ठेवावे. मोठ्या कोंबड्यांमध्ये या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, पण त्यांच्या विष्ठेतून रोगाचे बीज आवारात पडत राहते आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते संसर्ग करण्याजोगे होते. जमिनीवरचा भुसा किंवा तूस कोरडे ठेवणे आणि पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी रोज काढणे, हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

कळपात कोंबडा असेल तर तो नव्या कोंबड्यांना सहसा लवकर स्वीकारतो आणि काही कोंबडे माद्यांची भांडणेही मोडतात. नवा कोंबडा आणणे हा मात्र वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. आठ-दहा कोंबड्यांमागे एकापेक्षा जास्त नर नसावा आणि दोन नर लहान आवारात एकत्र कोंडू नयेत.

बसलेली घडी आणि नंतरची देखरेख

जागा बदलल्यावर नव्या कोंबड्यांची अंडी दोन-चार आठवडे बंद होऊ शकतात आणि जुन्यांचीही काही दिवस कमी होतात. त्यासाठी औषधे किंवा टॉनिक देण्याची गरज नाही. कोंबड्या खात-पीत असतील तर अंडी आपोआप पूर्ववत होतात. नव्या आणि जुन्या कोंबड्या एकाच खड्ड्यात धुळीत लोळू लागल्या, एका भांड्यातून खाऊ लागल्या आणि संध्याकाळी कोणी न हाकलता दांडीवर आपापल्या जागी बसू लागल्या की कळप एक झाला असे समजावे. काही कळपांत नव्या कोंबड्या कित्येक महिने आपापल्यांतच वावरतात. त्यांची वजने टिकून असतील आणि पिसे शाबूत असतील, तर त्यात बिघडलेले काही नाही.

आडोसे आणि जादा भांडी यानंतरही निदान महिनाभर हलवू नयेत. तलंगा अंड्यावर येताना, म्हणजे साधारण अठरा ते बावीस आठवड्यांच्या वयात, त्यांचे तुरे लाल होतात आणि त्या वेळी उतरंडीत पुन्हा एकदा चढाओढ होते. ती ओसरल्यावर भांडी एकेक करून कमी करावीत, आणि सर्वांत लहान तलंगेने अंडी घालायला सुरुवात केल्यानंतरच संपूर्ण कळपाला हळूहळू, आठवडाभर दोन्ही प्रकार मिसळत, अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यावर आणावे.